आधी कच्चेरी, मग कचकच: टी. एम. कृष्णा

मेघमल्हारी

या चर्चेच्या धाग्याचं निमित्त जुनंच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये मद्रास म्युझिक अकॅडमीने कर्नाटक संगीताचा गायक टी. एम. कृष्णाला 'संगीत कलानिधी' हा आपला मानाचा पुरस्कार जाहीर केला आणि आठवड्याच्या आत रंजनी-गायत्री भगिनींनी त्या वर्षीच्या परिषदेतून अंग काढून घेतलं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी टँकर आणि पार्किंग यापलीकडे विषय जात नाही, तिथे यावरून जुंपली. रंजनी-गायत्री आपल्याला घरच्या वाटतात. मुंबईत वाढलेल्या मुली, अभंग असा गातात की आषाढीला अर्धा महाराष्ट्र एकमेकांना त्यांचे व्हिडिओ पाठवतो. तेव्हा 'त्यांनी ज्याच्याशी काडीमोड घेतला तो माणूस नाठाळच असणार' हा निकाल तासाभरात लागला. निकाल देणाऱ्यांपैकी एकानेही त्याचं गाणं पाच मिनिटं ऐकलेलं नव्हतं.

मी ऐकलंय. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही सहा वर्षं चेन्नईत अड्यारला काढली. जाताना माझं कर्नाटक संगीताचं ज्ञान म्हणजे सुब्बुलक्ष्मींचं सुप्रभातम् आणि 'ते लोक मांडीवर थापट्या मारत ऐकतात' इतकंच. तमिळमध्ये मैफलीला कच्चेरी म्हणतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते. आपल्याकडे कचेरीत सात-बारा मिळतो.

आधी माणूस सांगते. पूर्ण नाव तोडूर माडभूषी कृष्णा. जन्म २२ जानेवारी १९७६, मद्रास. नेहरूंच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी हे नात्याने आजोबांच्या पिढीतले. शिक्षण कृष्णमूर्ती फाउंडेशनच्या शाळेत, म्हणजे 'का?' विचारलं तर छडी मिळत नाही अशा ठिकाणी. गाणं शिकला भागवतुल सीताराम शर्मांकडे, चेंगलपेट रंगनाथन यांच्याकडे आणि पुढे सेम्मनगुडी श्रीनिवास अय्यरांकडे. सेम्मनगुडी म्हणजे तिकडचे भीष्माचार्य. बाराव्या वर्षी अकॅडमीच्या मंचावर पहिली कच्चेरी. तिशीत येईपर्यंत चेन्नईच्या डिसेंबरातल्या संगीत सीझनमधल्या मोक्याच्या वेळा त्याच्या, हॉल भरलेले, मामी लोकांचा (तिकडे प्रौढ बायकांना मामीच म्हणतात) लाडका. जात, घर, गुरू, गळा, इंग्रजी, सगळ्या सोंगट्या आधीच घरात पोचलेल्या.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. लोक समजतात की हा कुणी चळवळ्या, आणि गाणं त्याच्या हातातला भोंगा. उलट आहे. हा राजकारणाकडून गाण्याकडे आलेला नाही. गाण्यातला एक अगदी बारीक, जवळजवळ कारकुनी वाटावा असा प्रश्न त्याला पडला आणि त्या सुताने तो पार वेशीबाहेर गेला.

प्रश्न असा. कर्नाटक कच्चेरीचा एक साचा आहे. सुरुवातीला वर्णम् नावाची बांधीव रचना, मग छोट्या कृती (आपल्या बंदिशी समजा), मग मोठी मुख्य कृती, तिच्यात मृदंगवाल्याचं एकट्याचं वादन म्हणजे 'तनी आवर्तनम्', जमल्यास रागम्-तानम्-पल्लवी, म्हणजे रागाचा विस्तार आणि एका ओळीवरची कारागिरी, आणि शेवटी हलकंफुलकं काहीबाही, ज्याला 'तुक्कडा' म्हणतात. हा साचा अनादि काळापासून आहे असं तिथल्या कुणालाही वाटतं. प्रत्यक्षात तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी रुळवला. तिकिटं काढून दोन-तीन तासांसाठी येणाऱ्या शहरी श्रोत्यांना तो सोयीचा होता. अय्यंगार थोर गवई होते, साचा झकास चालला. पण वर्णम् ही चांगली वजनदार चीज. तिला गळा तापवायच्या कामाला का जुंपायचं? कृष्णाने हे विचारलं आणि नुसतं विचारून थांबला नाही. वर्णम् उचललं आणि मैफलीच्या मधोमध, मुख्य जागी आणून ठेवलं.

तशी एक मैफल मी ऐकली. कुठल्या सभेत (तिकडे संगीत संस्थेला सभा म्हणतात) ते महत्त्वाचं नाही. व्हायोलिनवर आर. के. श्रीरामकुमार, मृदंगावर अरुण प्रकाश. शेजारच्या मामींनी मांडीवर छोटी वही उघडली होती. तिकडे बऱ्याच जणांना रागांची नावं टिपून ठेवायची सवय. पहिल्या तासात त्यांनी वहीत तीनदा खाडाखोड केली. आलापना झाली, आता कृती येणार म्हणून पेन टेकवलं तर कृती आलीच नाही. राग मांडला, व्हायोलिनने मांडला, झालं. जणू सांगून झालं तेवढं पुरे. मामी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा पोरगा आम्हाला कँटीनला जायची वेळ कळू देत नाही." तनी आवर्तनम् सुरू झालं की अर्धा हॉल फिल्टर कॉफी आणि वड्याकडे उठतो, ही तिथली जगजाहीर रीत. मृदंगवाल्याने वर्षभर घासलेलं गणित रिकाम्या खुर्च्यांना ऐकवायचं. इथे क्रमच ठाऊक नाही म्हटल्यावर कुणी उठेना.

साचा कुणी घातला हे शोधायला निघालं की पुढचे प्रश्न आपसूक येतात. ज्या काळात साचा घट्ट झाला त्याच काळात सभांमधून कोण बाहेर पडलं? देवदासी गायिका, नर्तकी, नागस्वरम् (सनईसारखं वाद्य) वाजवणारे इसै वेळ्ळाळर समाजाचे लोक. हॉलमध्ये आज कोण बसतं? कोण बसत नाही? मृदंग वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेत येतं, बनवणाऱ्याचं का नाही? यातून २०१३ मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक आलं, कर्नाटक संगीताच्या इतिहासावर आणि सौंदर्यविचारावर. पाठोपाठ वर्तमानपत्रांतले लेख, वाहिन्यांवरच्या चर्चा. २०१५ मध्ये त्याने जाहीर केलं की आता डिसेंबर सीझनमध्ये गाणार नाही. त्याच वर्षी बेसंत नगरच्या किनाऱ्यावरच्या ऊरूर ओल्कॉट कुप्पम् या कोळीवाड्यात मित्रांबरोबर महोत्सव सुरू केला. एकाच मांडवात भरतनाट्यम्, परै हा ढोल आणि धनुष्याच्या वाद्यावरचं कथागायन, विल्लुपाट्टु. २०१६ मध्ये मॅगसेसे, हाताने मैला साफ करण्याविरुद्ध लढणाऱ्या बेझवाडा विल्सनांच्या सोबतच.

मग ब्राह्मण्यविरोधी द्रविड चळवळीचे नेते पेरियार यांच्यावरचं गाणं, येशू-अल्लावरच्या गाण्यांची घोषणा, रद्द झालेल्या मैफली, कोर्ट. ते प्रतिसादांत येईलच, मला खात्री आहे.

निवांत पाटील

पॉपकॉर्न घेऊन बसतो. खिडकीशेजारची जागा माझी.

खर्जातला षड्ज

लेख चांगला उतरलाय, पण वकीलपत्र घेतल्यासारखा. मी पंचवीस वर्षं माटुंग्याला षण्मुखानंदात जातोय, तेव्हा 'ऐकलेलं नाही' हा आरोप मला लागू नाही. या माणसाचे कांभोजी, तोडी हे राग ऐकून माझ्या अंगावर काटा आलेला आहे. म्हणूनच राग येतो. ज्या शिडीने वर गेलास तिच्या पायऱ्या वरून मोजून दाखवायच्या आणि म्हणायचं की शिडी वाईट. सेम्मनगुडींनी शिकवलं, अकॅडमीने बाराव्या वर्षी मंच दिला, मामींनी डोक्यावर घेतलं. हे सगळं नको होतं तर घेतलं कशाला?

आणि पेरियार. ज्या समाजाने ही कला पिढ्यान् पिढ्या जपली त्या समाजाविषयी पेरियारांनी काय काय म्हटलंय ते रंजनी-गायत्रींनी त्यांच्या निवेदनात मांडलंय. त्यांना दुखलं तर ते दुखणं खोटं का? चित्रवीणावाले रविकिरण यांनी स्वतःचा कलानिधी परत केला. सगळेच काय व्हॉट्सअॅप ग्रुपवाले?

गाणाऱ्याने गावं. भाष्य करायला आपण आहोत ना इथे रिकामटेकडे.

मेघमल्हारी

@खर्जातला षड्ज, दुखणं खोटं आहे असं मी कुठे म्हटलं? त्यांनी उघडपणे, सही करून, स्वतःचं नुकसान पत्करून भूमिका घेतली. मला ते आवडलं. माझा वैताग आहे तो ऐकीव मतावर निकाल देणाऱ्यांवर.

शिडीचं म्हणाल तर, ज्याला शिडी मिळालीच नाही तो बोलला की म्हणायचं 'द्राक्षं आंबट', आणि जो वर पोचून बोलला त्याला 'कृतघ्न'. मग बोलायचं कुणी?

बे-ताल

कृष्णा 'यांना' एकेरी? टंकनदोष की जवळीक?

निवांत पाटील

@बे-ताल, गाणाऱ्याला आपण एकेरीच म्हणतो हो. भीमसेन, कुमार, लता, आशा. मान वाढला की अहो-जाहो गळून पडतं. अहो-जाहो फक्त सत्कार समितीच्या पत्रिकेत.

वकील_कोथरूड

कोर्टाचा विषय निघणारच आहे तर आधीच खुलासा करून टाकतो, कारण बातम्यांत दोन पुरस्कारांची खिचडी झाली होती.

'संगीत कलानिधी' ही अकॅडमीची स्वतःची पदवी. ती १९४२ मध्ये सुरू झाली. (अकॅडमीचं मूळ १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेत आहे. म्हणजे राजकारण आणि संगीत यांचा पाळणा एकच, असो.) कलानिधी मिळालेल्या कलाकाराला एका वृत्तपत्रसमूहाच्या देणगीतून सुब्बुलक्ष्मींच्या नावाचा वेगळा रोख पुरस्कारही मिळतो. वाद होता तो या दुसऱ्यावर. कृष्णाने २०१५ मध्ये एका इंग्रजी मासिकात सुब्बुलक्ष्मींवर दीर्घ लेख लिहिला होता. देवदासी परंपरेतल्या घरात जन्मलेल्या मुलीला आदर्श ब्राह्मण गृहिणीच्या साच्यात कसं बसवलं गेलं, असा त्याचा रोख. हा माणूस आमच्या आजीची बदनामी करतो, त्याला तिच्या नावाचा पुरस्कार कसा, म्हणून नातू श्रीनिवासन कोर्टात गेले. शिवाय सुब्बुलक्ष्मींच्या १९९७ च्या मृत्युपत्रात आपल्या नावाने ट्रस्ट, पुतळा, स्मारक काही करू नये असं म्हटल्याचं त्यांनी दाखवलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी सांगितलं, कृष्णाला गौरवा, पण सुब्बुलक्ष्मींचं नाव वापरू नका. डिसेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश उलटवला. पुरस्कार देऊन झाला. दुसऱ्याच दिवशी, १६ डिसेंबरला, सुप्रीम कोर्टाचा अंतरिम आदेश आला की त्याने स्वतःला त्या पुरस्काराचा मानकरी म्हणवू नये. कलानिधी मात्र १ जानेवारी २०२५ ला रीतसर मिळाला. त्याला कुणी हात लावला नव्हता.

खर्जातला षड्ज

@वकील_कोथरूड, नेटका खुलासा. पण तो मासिकातला लेख तुम्ही वाचलाय का? मेलेल्या बाईच्या घरात इतकं डोकवायचं कारण काय होतं? गाणं ऐका आणि सोडून द्या.

मांडवीकाठ

@खर्जातला षड्ज, मी गोंयचो, तेव्हा या एका मुद्द्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही. 'घरात डोकावणं' हे तुम्हाला आगाऊपणाचं वाटतं, कारण तुमच्या घरात कुणी डोकावलेलं नाही. आमच्याकडच्या कलावंत, म्हणजे देवदासी परंपरेतल्या, घरांतल्या बायकांनी हिंदुस्थानी संगीत अक्षरशः खांद्यावर वाहिलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. केसरबाईंचा भैरवीतला आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजरवरून अंतराळात गेला. पण त्या कुठल्या घरातून आल्या हे बोलायचं झालं की पाहुणे पदर सावरतात. माझ्या आजीच्या बहिणीने गाणं सोडलं ते लग्नासाठी. घरातली पेटी माळ्यावर गेली ती परत खाली आली नाही. पुढे तिच्या मुलांना आई गात होती हे आमच्याकडून कळलं.

केसरबाईंनी मैफलीत कुणाची पत्रास ठेवली नाही, मायक्रोफोनसुद्धा दूर ठेवायला लावायच्या असं जुने लोक सांगतात. सुब्बुलक्ष्मींनी दुसरी वाट घेतली. ती वाट घ्यावी का लागली, हे विचारणं मला तरी बदनामी वाटत नाही. लेखातली काही वाक्यं मलाही खटकली, पण ती आवडीनिवडीची गोष्ट.

मेघमल्हारी

@मांडवीकाठ, पेटी माळ्यावर गेली ते वाचून थांबले थोडा वेळ.

गडहिंग्लजकर

कर्नाटक संगीत आणि आमचा संबंध फक्त 'कर्नाटक' या शब्दापुरता (तालुक्याची हद्द ओलांडली की पाटी कन्नडमध्ये). पण हा माणूस मला वेगळ्याच दाराने भेटला. जोगप्पांबरोबर गाताना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले जोगते, जोगतिणी आणि साडी नेसणारे जोगप्पा. आमच्या भागात मंगळवार-शुक्रवारी दारात परडी यायची, 'उदं गं आई उदं', एकाच्या काखेत चौंडकं, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं. आई पीठ-मीठ वाढायची आणि आम्हाला आत ढकलायची. गाणं ऐकायचं नाही, नुसतं आटपायचं. आणि त्याच जोगप्पांना मी व्हिडिओत बघितलं तर बंगळूर की चेन्नईच्या मंचावर मधोमध बसलेत, शेजारी हा मांडी घालून. आधी ते गातात, मग हा गातो, मग एकमेकांत मिसळतात. चौंडक्याचा तो 'डुंग डुंग' आवाज चढा-उतरा होतो ना, त्यावर हा डोळे मिटून मान हलवत होता.

खरं सांगू का, मिसळण सगळीकडे जमलेली नाही. मधे मधे दोन गाणी शेजारी ठेवल्यासारखी वाटतात. पण आईला दाखवला व्हिडिओ. ती म्हणाली, "ह्यांस्नी खुर्ची दिली की पाणी तरी दिलं का?" व्हिडिओत बाटल्या दिसत होत्या. मी तिला दाखवल्या.

खर्जातला षड्ज

हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात चांगला. आणि 'मिसळण जमलेली नाही' हे मान्य केल्याबद्दल आभार. माझा मुद्दा नेमका हाच. हेतू चांगला असला की गाणं चांगलं होतं असं नाही.

मेघमल्हारी

@खर्जातला षड्ज, हे मात्र मान्य. कोळीवाड्यातला पहिला महोत्सव आम्ही पाहिला. वाळू, मासळीचा वास, मागे लाटांचा आवाज, नि पुढे भरतनाट्यम्. किनाऱ्यावरची पोरं दहा मिनिटांत कंटाळून पळाली. परै सुरू झालं तशी परत आली. उलट शहरातून आलेल्या आम्हा लोकांना परैची पहिली थाप पडली तेव्हा कानावर हात न्यावासा वाटला. दोन्हीकडची ही अडचण मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. गाणं 'जमलं' का, तर नाही बहुतेक.

आळंदीचा पखवाज्या

मृदंगाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. पासवर्ड विसरलो होतो.

या माणसाने मृदंग बनवणाऱ्यांवर एक पुस्तक लिहिलंय, २०२० चं. 'सेबॅस्टियन अँड सन्स'. पुतण्याने आणून दिलं. इंग्रजी आहे, हळूहळू वाचलं. मृदंग फणसाच्या लाकडाचा. कातडं गाईचं, म्हशीचं, शेळीचं, तिन्ही लागतात. कुठल्या जनावराचं, किती वयाचं, अंगाच्या कुठल्या भागाचं, यावर नाद ठरतो आणि ते ज्याच्या बोटाला कळतं तो कारागीर बहुतेक दलित ख्रिश्चन. तंजावरच्या सेवित्तियन म्हणजे सेबॅस्टियन यांच्या वंशातले पारलांदु हे पालघाट मणि अय्यरांसाठी मृदंग बनवायचे. मणि अय्यर म्हणजे तिकडचे अहमदजान थिरकवा समजा. नादात जे काही नवं त्यांना हवं होतं ते या माणसाने हाताने करून दिलं. एक मांडीवर घेऊन वाजवणार, दुसरा मांडीखाली धरून वादी ओढणार. नाव एकाचंच.

तिकडे डाव्या तोंडाला रवा भिजवून लावतात, आपण कणीक लावतो. त्यांची शाई, म्हणजे तोंडावरचा काळा गोल, दगडाची पूड आणि भात घोटून. मी वाचताना नुसता आपल्याशी ताडत होतो. माझा पखवाज ज्यांच्याकडून मढवून घेतो त्या कुटुंबाची ही चौथी पिढी. मी त्यांना 'मामा' म्हणतो. तीस वर्षं झाली, त्यांच्या बाबांचं नाव मला पुस्तक वाचल्यावर विचारावंसं वाटलं. विचारलं. ते हसले आणि म्हणाले, आज काय सरकारी माणूस आलाय का?

प्रकाशनाचं ठरलेलं सभागृह ऐनवेळी नाकारलं गेलं होतं म्हणे, कारण विषय जातीचा.

वकील_कोथरूड

@आळंदीचा पखवाज्या, हो, कलाक्षेत्र, चेन्नईची नृत्य-संगीत संस्था. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी दिलेली परवानगी मागे घेतली, मग कार्यक्रम एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझममध्ये झाला. त्याआधी २०१८ च्या नोव्हेंबरात दिल्लीत विमानतळ प्राधिकरण आणि स्पिक मॅके या शास्त्रीय संगीताचा प्रसार करणाऱ्या संस्थेचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला, तेव्हा दिल्ली सरकारने त्याला वेगळ्या बागेत गायला बोलावलं. गाण्यापेक्षा गर्दीचीच बातमी झाली. अमेरिकेत मेरीलँडच्या मंदिरातली मैफलही त्याच वर्षी रद्द. त्याच सुमाराला काही कर्नाटक गायकांना येशूवरची गाणी गाण्यावरून धमक्या आल्या होत्या, आणि याने जाहीर केलं होतं की मी दर महिन्याला येशू किंवा अल्लावर एक गाणं प्रकाशित करीन.

खर्जातला षड्ज

आगीत तेल म्हणजे हेच. विचारवंताने शांत करायचं असतं.

बे-ताल

@आळंदीचा पखवाज्या, आपल्याकडे मिरजेच्या सतारमेकर मंडळींवर असं काही आहे का मराठीत? २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेवढं वाचलं होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो हे शाळेत असताना मिरजेच्या सहलीत ऐकलेलं. पण तबला, पखवाज, ढोलकी मढवणाऱ्यांवर काही?

आळंदीचा पखवाज्या

@बे-ताल, माझ्या पाहण्यात नाही. लेख असतील दिवाळी अंकांत. कुणाला ठाऊक असल्यास सांगा, मामांना वाचून दाखवीन.

तंजावरची सून

मी तंजावर मराठी घरात दिलेली. सासरी सगळे तीनशे वर्षं तिकडचे, मराठी बोलतात पण आपल्याला निम्मी कळत नाही. पहिल्या दिवाळीत मी निम्मा वेळ नुसती मान डोलावत होते.

मेघमल्हारी, तुम्ही 'तुक्कडा' शब्द सहज लिहून गेलात, माझं तिथेच अडलं. तो आपलाच तुकडा. तंजावरला भोसल्यांचा दरबार होता, तिथून काय काय गेलं त्याचा हिशेब नाही. एकोणिसाव्या शतकात रामचंद्रबुवा मोरगावकरांची कीर्तनं तंजावरात गाजली, त्यातून तिकडची हरिकथा घडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तमिळ भागवतारांनी, म्हणजे कीर्तनकारांनी, जसेच्या तसे उचलले. सासूबाई सांगतात, त्यांच्या आजीला साकी म्हणजे तमिळच वाटायची.

पण कच्चेरीत अभंगाची जागा कुठे, तर शेवटी, तुक्कड्यात. भारी माल संपल्यावर तोंड गोड करायला. लोक टाळ्या पिटतात, आपल्याला अभिमान वाटतो, आपण व्हिडिओ फिरवतो. तुकोबा तिथे बडीशेप आहेत. वर्णम् कुठे ठेवायचं यावर एवढा कीस पाडणाऱ्या माणसाचं म्हणणं मला इथे पटतं. क्रम म्हणजे नुसता क्रम नसतो, पंगतीत कोण कुठे बसणार ते असतं.

निवांत पाटील

'तुकोबा तिथे बडीशेप आहेत.' वाचनखूण साठवली.

खर्जातला षड्ज

@तंजावरची सून, अहो, रंजनी-गायत्रींचा अभंग ऐकून षण्मुखानंदातली माणसं रडताना पाहिलीत मी. बडीशेप काय?

तंजावरची सून

@खर्जातला षड्ज, मीही रडले आहे. पण शेवटीच ना?

खर्जातला षड्ज

शेवटी. हम्म.

संपादक

मधले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. जातिवाचक शेरे आणि सदस्यांच्या घरच्यांचा उद्धार चालणार नाही. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

सोपारकर

विषयांतराबद्दल क्षमस्व. याने अशोकाचे शिलालेख प्राकृतात गायलेत, अशोका विद्यापीठाबरोबरचा प्रकल्प, २०२० पासूनचा. राजाज्ञा गायची म्हणजे तलाठ्याची नोटीस गाण्यासारखं आहे, यमक नाही, ठेका नाही. तरीही कलिंगाच्या पश्चात्तापाचा भाग ऐकवतो. आमच्या नालासोपाऱ्यात अशोकाच्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडला. इथल्या लोकांना सोपारा म्हणजे विरार फास्ट आणि चौथी सीट एवढंच. म्हणून लिहिलं.

बे-ताल

सगळं वाचलं. आता मला सांगा, सुरुवात कुठून करू? वाद नको, गाणं हवंय. मी मारवा आणि पूरिया यात गोंधळतो, त्या पातळीचा श्रोता आहे.

मेघमल्हारी

@बे-ताल, आधी एखादं वर्णम् ऐका, विलंबित लयीतलं. सुरुवातीचे दिवस सोडले तर त्याची लय खूप उतरलीय. तारुण्यात तो वेगाने, जोरकस गायचा. आता एका गमकेवर रेंगाळतो, अर्धा शब्द तोंडातच ठेवतो. कधी कधी फार. नवरा म्हणतो, याला घरी जायची घाई नाही. मग एखादी नुसती आलापना.

आणि कर्नाटक संगीताचं काहीही येत नसेल तरी 'पोरंबोक' ऐका. २०१७ चं. चेन्नईजवळ एण्णूरच्या खाडीत, औष्णिक वीज केंद्रांच्या राखेत उभं राहून, तोंडावर मास्क लावून गायलंय. राग शास्त्रशुद्ध, भाषा मात्र चेन्नईच्या गल्लीतली, जी कच्चेरीत कुणी आणत नाही. शब्द काबेर वासुकीचे. 'पोरंबोक' म्हणजे मुळात गावाच्या सामाईक मालकीची जमीन, खाडी, तळं, चराऊ रान. आता तो शब्द शिवी झालाय, 'फुकट्या, कुचकामी' अशा अर्थाने. जमिनीची किंमत गेली तशी शब्दाची गेली.

खर्जातला षड्ज

ते गाणं मी ऐकलं होतं. वाद बाजूला ठेवून सांगतो, आनंदभैरवी सुंदर लागलीय. डिसेंबर २०२४ ला तो अकॅडमीत परत गायला, तेव्हा माझा साडू हॉलमध्ये होता. तोही माझ्याच मताचा. फोनवर म्हणाला, "काय सांगू, उठावंसं वाटलं नाही." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. (हलके घ्या.)

अण्णा_तलाठी_निवृत्त

नमस्कार मंडळी. मी फक्त वाचत असतो. पण धाग्यात कचेरी, सात-बारा आणि तलाठ्याची नोटीस असे तीनदा आमच्या खात्याचे उद्धार झाले, म्हणून टंकतो.

पोरंबोक शब्द वाचून चमकलो. एकतीस वर्षं दप्तर सांभाळलं. आमच्याकडे गायरान, आणि जमिनीतला जो भाग पिकत नाही तो पोटखराबा. पोटखराब्याला आकार, म्हणजे सारा, लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं त्याला किंमत नाही. ओढा त्यातच असतो, पाणंद त्यातच, दगडाची खाण, बाभळीची सावली. गायरानावर अतिक्रमणाची नोटीस मी स्वतः बजावलेली आहे, कधी गरिबाला, कधी ज्याला बजवायला हवी त्याला सोडून. ते इथे नको.

रात्री नातवाकडून गाणं लावून घेतलं. भाषा कळली नाही. तो शब्द मात्र दरवेळी आला की ओळखू यायचा, त्यावर थोडं थांबतो तो. मागे राखेचा ढीग दिसतो, त्यात पाणी कुठलं आणि जमीन कुठली ते समजत नाही. मोजणी करायची म्हटली तर कुठे टेप धरणार, असं आपलं मनात आलं. सौ. आतून म्हणाली, भजन लावलंय का? मी हो म्हटलं.

उद्या ते वर्णम् लावून घेतो. मधोमध गातो म्हणालात तेच ना? नातवाला नाव काय लिहून द्यायचं तेवढं सांगा.